नाकातले पहारेकरी आणि आपली सर्दी

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवी वर्षातल्या व्याख्यानमालेत कान-नाक-घशाच्या डॉक्टरनेही बोलावं, अशी सूचना कमिटीकडून आली. विषय मला शोधावा लागला नाही. गेली कित्येक वर्षं लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेताना मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच आहे : "डॉक्टर, बारा महिने सर्दी असते. प्रतिकारशक्ती कमी झाली असेल का हो? वाढवायला काय घेऊ?"

तळमजला ते पाचवा मजला एवढ्या वेळात याचं उत्तर देता येत नाही. म्हणून आज देतो.

वर्षानुवर्षं शिंका, चोंदलेलं नाक, गेलेला वास अशा तक्रारी असणाऱ्या बहुतेक लोकांची प्रतिकारशक्ती कमी नसतेच. ती नको तिथे आणि गरजेपेक्षा जास्त काम करत असते. आपल्या गेटवरचा वॉचमन रोजच्या दूधवाल्यालाही चोर समजून शिट्टी फुंकायला लागला, तर आपण त्याला आणखी मोठी शिट्टी आणून देऊ का? आपण त्याला समजावू, माणसं ओळखायला शिकवू. नाकाचंही तेच आहे. आजच्या भाषणात एवढंच सांगायचं आहे, पण ते नीट समजण्यासाठी नाकातल्या पहारेकऱ्यांची ओळख करून घ्यावी लागेल.

गेटवर कोण कोण असतं?

एक प्रौढ माणूस दिवसभरात साधारण दहा हजार लिटर हवा आत घेतो. ती सगळी नाकाच्या गेटमधून जाते. नाक तिला गरम करतं, ओलसर करतं आणि गाळतं. नाकाच्या आतल्या अस्तरावर शेंबडाचा पातळ थर असतो आणि त्याखाली डोळ्यांना न दिसणारे बारीक केस सतत हलत असतात. धूळ, परागकण, जंतू त्या थराला चिकटतात आणि दहा-वीस मिनिटांत घशाकडे ढकलले जातात. आपण नकळत ते गिळून टाकतो. मुलं आता तोंड वाकडं करताहेत, पण बाळांनो, हे आपल्या सगळ्यांचं रोज चालू असतं.

या अस्तराच्या आत आणि खाली प्रतिकारशक्तीच्या पेशी बसलेल्या असतात. त्यातल्या काहींची नावं आपल्या घरातल्या फाइलमध्येच आहेत. रक्ताचा सीबीसीचा रिपोर्ट काढून पाहा. न्यूट्रोफिल साधारण ४० ते ७५ टक्के, लिम्फोसाइट २० ते ४५ टक्के, इओसिनोफिल १ ते ६ टक्के, असं तिथे लिहिलेलं असतं. न्यूट्रोफिल म्हणजे जंतूंवर तुटून पडणारे शिपाई. लिम्फोसाइट म्हणजे ओळख लक्षात ठेवणारे आणि हुकूम देणारे. यांतच टी पेशी आणि बी पेशी येतात. इओसिनोफिल हे मूळचे जंत-कृमींसारख्या मोठ्या परजीवींशी लढणारे मानले जातात. म्हणून पोटात जंत असले तरी रिपोर्टमध्ये इओसिनोफिल वाढलेले दिसतात. नुसता तो आकडा पाहून "मला ऍलर्जी आहे" असं ठरवू नका. आणि तो आकडा सरळ असला म्हणून ऍलर्जी नाही, असंही नाही.

एक पेशी मात्र या रिपोर्टमध्ये दिसत नाही, कारण ती रक्तात फारशी फिरत नाही. ती त्वचेत, आतड्यात, नाकात ठाण मांडून बसते. तिचं नाव मास्ट पेशी. पॉल एर्लिश या जर्मन शास्त्रज्ञाने १८७८ साली आपल्या प्रबंधात तिचं वर्णन केलं. तिचं पोट दाण्यांनी गच्च भरलेलं दिसलं, म्हणून ती आसपासच्या भागाला खाऊ घालते अशी त्याची समजूत झाली आणि जर्मन भाषेत खाऊ घालून पुष्ट करणं या अर्थाचा 'मास्ट' हा शब्द त्याने वापरला. त्या दाण्यांत खाऊ नव्हता. त्यात हिस्टामिन भरलेलं होतं, हे बऱ्याच काळानंतर कळलं. याच एर्लिशने पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, इओसिन नावाचा गुलाबी-लाल रंग घेणाऱ्या पेशी वेगळ्या काढल्या. त्या आपल्या इओसिनोफिल. अशा पेशी ओळखू येऊन आज दीडशे वर्षं होत आली.

शिंकांचा कारखाना

आता ऍलर्जीची सर्दी कशी होते ते पाहू. गादीत राहणारे धुळीचे सूक्ष्म किडे, म्हणजे डस्ट माइट, यांची विष्ठा झाडताना उडते. ती काही विषारी नाही. बहुतेक लोकांचं नाक तिच्याकडे दुर्लक्ष करतं. पण काहींच्या शरीरात टी पेशी तिला शत्रू ठरवतात आणि बी पेशींना हुकूम देतात की हिच्याविरुद्ध आयजीई जातीची प्रतिपिंडं तयार करा. ही आयजीई जाऊन मास्ट पेशींच्या अंगावर चिकटून बसते. गेटवरच्या केबिनमध्ये संशयिताचा फोटो चिकटवावा तसं. इथपर्यंत माणसाला काहीच त्रास होत नाही. म्हणूनच लोक म्हणतात, "एवढी वर्षं याच घरात आहे, आत्ताच कशी ऍलर्जी झाली?" फोटो लागायला वेळ लागतो.

पुढच्या वेळी तीच धूळ नाकात आली की फोटो जुळतो आणि काही मिनिटांत मास्ट पेशी आपले दाणे बाहेर फेकते. हिस्टामिनमुळे नाकात खाज, लागोपाठ दहा-पंधरा शिंका, नळ सोडल्यासारखं पाणी, डोळे लाल. हा झाला पहिला भाग.

दुसरा भाग चार ते आठ तासांनी येतो आणि लोकांच्या लक्षातच येत नाही. मास्ट पेशी आणि टी पेशी यांनी सोडलेल्या निरोपांमुळे रक्तातून इओसिनोफिलची कुमक नाकात येऊन पोहोचते. यांची हत्यारं जंतांसाठी बनलेली, पण इथे जंत नाहीत, म्हणून ती आपल्याच अस्तरावर चालतात. अस्तर सुजतं, नाक चोंदतं. सकाळी गादी झटकली आणि दुपारी ऑफिसात नाक बंद झालं, तर दोष ऑफिसच्या एसीचाच असेल असं नाही.

या आयजीईचा शोधही ऐकण्यासारखा आहे. १९२१ साली हाइन्झ क्यूस्टनर या डॉक्टरला मासे खाल्ले की त्रास व्हायचा. त्याचा सहकारी कार्ल प्राउस्निट्झ याला माशांचा काहीच त्रास नव्हता. प्राउस्निट्झने क्यूस्टनरच्या रक्तातला द्रव स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तिथे गांध उठली. म्हणजे ऍलर्जी घडवणारं काहीतरी रक्तात असतं आणि ते एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतं. ते 'काहीतरी' सापडायला आणखी पंचेचाळीस वर्षं लागली. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात काम करणाऱ्या किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी पती-पत्नींनी ते शोधलं, त्याच सुमारास स्वीडनमधल्या योहान्सन आणि बेनिक यांनाही ते स्वतंत्रपणे सापडलं आणि १९६८ मध्ये त्याला आयजीई हे नाव मिळालं. आज आपण लॅबमध्ये जी आयजीई तपासणी करतो ती या सगळ्यांच्या कृपेने.

या दोन भागांवरून औषधांचं गणितही उलगडतं. सर्दीची ऍलर्जीविरोधी गोळी हिस्टामिनला अडवते. म्हणून शिंका आणि पाणी थांबतं, पण चोंदलेलं नाक पुरतं उघडत नाही, कारण ते काम इओसिनोफिलच्या फौजेचं आहे. ती फौज कमी करतो तो नाकात मारायचा स्टिरॉइडचा स्प्रे. तो एका दिवसात जादू करत नाही. पूर्ण परिणामाला एक-दोन आठवडे लागतात. लोक तीन दिवस मारतात, "काही फरक नाही" म्हणतात आणि कपाटात ठेवून देतात.

'स्टिरॉइड' शब्द ऐकला की घरोघरी भीती वाटते. ती समजण्यासारखी आहे, म्हणून आकडेच सांगतो. नेहमीच्या स्प्रेच्या एका फवाऱ्यात साधारण ५० मायक्रोग्रॅम औषध असतं. दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन फवारे मारले तर २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा पाचवा भाग. स्टिरॉइडच्या गोळ्या ५, १०, ४० मिलिग्रॅम अशा मोजतात आणि त्या सगळ्या शरीरात जातात. आजकालच्या स्प्रेमधलं फारच थोडं रक्तात पोहोचतं. तेव्हा स्प्रेला घाबरून, तीन महिन्यांनी एकदा "सर्दीचं इंजेक्शन" घेऊन येणं हा उलटा व्यवहार आहे. त्या इंजेक्शनात बऱ्याचदा स्टिरॉइडच असतं आणि तेही भरपूर.

स्प्रे मारायची पद्धतही सांगतो, कारण तिथेच निम्मं औषध वाया जातं. मान थोडी खाली. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत मारा. नळीचं टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे नको, त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे हवं. जोरात ओढू नका, नाहीतर सगळं घशात. पडद्यावर फवारा बसत राहिला तर नाकातून रक्त येतं आणि मग पुन्हा स्प्रेला दोष.

आणि एक धोक्याची सूचना. नाक झटकन उघडणारे जे ड्रॉप मेडिकलमध्ये सहज मिळतात, ते पाच-सात दिवसांपेक्षा जास्त वापरू नका. ते रक्तवाहिन्या आवळतात, पेशींना शांत करत नाहीत. सवय लागली की ड्रॉपचा परिणाम उतरताच नाक आधीपेक्षा घट्ट बंद होतं आणि माणूस उशाशी बाटली घेऊन झोपायला लागतो.

हिरवा शेंबूड आणि अँटिबायोटिक

आता न्यूट्रोफिलकडे येऊ. "डॉक्टर, आता हिरवं यायला लागलंय, म्हणजे इन्फेक्शन झालं. अँटिबायोटिक लिहून द्या," हे मी रोज ऐकतो.

हा हिरवा रंग कुठून येतो? न्यूट्रोफिलच्या पोटात जंतू मारण्यासाठी एक एन्झाइम असतं आणि त्याचा रंगच हिरवा आहे. न्यूट्रोफिल मोठ्या संख्येने नाकात आले, लढले, मेले की शेंबूड पिवळा-हिरवा होतो. साध्या विषाणूच्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी हेच होतं. रंगावरून एवढंच कळतं की शिपाई कामावर आले आहेत. समोर विषाणू आहे की जीवाणू, ते रंग सांगत नाही आणि अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही.

मग जीवाणूंचा सायनस कधी समजायचा? दहा दिवस झाले तरी जराही उतार नाही. किंवा पाच-सहा दिवसांत बरं वाटत आलं आणि पुन्हा ताप, दुखणं उलटून आलं. किंवा सुरुवातीपासून तीन-चार दिवस जोराचा ताप, चेहरा दुखतोय आणि पू येतोय. अशा वेळी जरूर तपासून घ्या. एरवी वाट पाहा. विनाकारण घेतलेल्या प्रत्येक कोर्समुळे आपल्या अंगावरचे जीवाणू औषधाला निगरगट्ट होत जातात. उद्या घरातल्या आजी-आजोबांना खरोखर न्यूमोनिया झाला, तर तेच औषध चालेनासं होण्याची ही तयारी असते.

"नाकात मांस वाढलंय"

आता तिसरा प्रकार. दोन्ही बाजूंनी नाक बंद, वास गेलेला, फोडणीचा खमंग येत नाही, गॅस गळला तरी कळत नाही. तपासलं तर नाकात सोललेल्या द्राक्षांसारखे फिकट, लोंबणारे फुगे दिसतात. यांना पॉलिप म्हणतात. आपल्याकडे "मांस वाढलंय" म्हणतात, पण हात लावला तर दुखत नाही आणि ते मांसही नसतं. ते पाण्याने फुगलेलं नाकाचं अस्तरच असतं. कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं तर पुष्कळ रुग्णांत इओसिनोफिलची गर्दी दिसते. "नाकाचं हाड वाढलंय" ही वेगळी गोष्ट. त्यात कधी मधला पडदा वाकडा असतो, तर कधी बाजूच्या मांसल पट्ट्या ऍलर्जीने सुजलेल्या असतात.

पॉलिपमध्ये काय बिनसतं? अस्तराच्या पेशी सतत धोक्याची घंटा वाजवत राहतात. ती ऐकून टी पेशी आणि त्यांच्यासारख्याच आणखी काही लिम्फोसाइट पेशी इंटरल्यूकिन ४, ५ आणि १३ नावाचे निरोप सोडतात. पाच नंबरचा निरोप इओसिनोफिलना बोलावतो आणि जगवतो. चार आणि तेरा नंबरचे निरोप आयजीई आणि चिकट शेंबूड वाढवतात. धोका संपला तरी हा दंगा थांबत नाही.

आता लोकांचा राग समजून घ्या. "दुर्बिणीचं ऑपरेशन केलं, एवढे पैसे गेले आणि दोन-तीन वर्षांत पुन्हा आलं!" ऑपरेशनने फुगे निघतात, सायनसची दारं उघडतात, औषध आत पोहोचू शकतं. पण पेशींची खोड ऑपरेशनने जात नाही. त्यामुळे ऑपरेशननंतर नाक धुणं आणि स्प्रे चालू ठेवणं हाच खरा उपचार असतो आणि नेमका तोच बरं वाटल्यावर बंद होतो. ज्यांचा आजार तरीही आटोक्यात येत नाही, त्यांच्यासाठी आता थेट या निरोपांनाच अडवणारी इंजेक्शनं आली आहेत. चार आणि तेरा नंबरला अडवणाऱ्या ड्युपिलुमॅबला अमेरिकेत पॉलिपसाठी २०१९ मध्ये मान्यता मिळाली, पाच नंबरला पकडणाऱ्या मेपोलिझुमॅबला २०२१ मध्ये. महाग आहेत, प्रत्येकाला लागत नाहीत. पण कोणती पेशी बिनसली आहे ते कळल्यामुळेच ती तयार होऊ शकली.

पॉलिप आणि दमा दोन्ही असणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्यांच्यातल्या काहींना ऍस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळीने दम्याचा गंभीर झटका येतो. दात दुखतो म्हणून शेजाऱ्याकडची गोळी घेऊ नका. डॉक्टरांना आधी विचारा.

पहारेकरी झोपला तर?

आतापर्यंत जास्त जागणाऱ्या पहारेकऱ्यांची गोष्ट झाली. उलट बाजू आपण २०२१ मध्ये पाहिली. कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस, लोकांच्या भाषेत 'काळी बुरशी', हा शब्द प्रत्येक घरात पोहोचला. महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये रुग्णांची संख्या मोठी होती. त्या वर्षीच्या मे महिन्यात केंद्र सरकारने हा आजार नोंदणी बंधनकारक करण्यास राज्यांना सांगितलं.

या बुरशीचे बीजाणू तेव्हाच हवेत आले नव्हते. माती, कुजका पाला, शिळी भाकरी, सगळीकडे ते कायमच असतात. आपण ते रोज श्वासातून घेतो आणि आपले न्यूट्रोफिल व भक्षक पेशी त्यांचा निकाल लावतात. पण रक्तातली साखर बेसुमार वाढली की न्यूट्रोफिल मंद होतात. त्यात स्टिरॉइडच्या मोठ्या डोसने त्यांचे हातपाय आणखी बांधले गेले. कोविडमध्ये प्राण वाचवण्यासाठी अनेकांना ते औषध आवश्यक होतं, पण साखर तपासायची राहिली किंवा औषध गरजेपेक्षा जास्त दिवस चाललं, तिथे बुरशीला मोकळं रान मिळालं. नाकातून सायनस, सायनसमधून डोळा, डोळ्यातून मेंदू. कित्येकांचे डोळे काढावे लागले, वरचा जबडा काढावा लागला. तरुण माणसं गेली.

आणखी एक उदाहरण देतो. ऍस्परजिलस नावाची बुरशी ओल्या भिंतींवर, जुन्या धुळीत असते. धडधाकट माणसाला ती काही करत नाही. ऍलर्जीच्या प्रकृतीच्या माणसात तीच बुरशी सायनसमध्ये इओसिनोफिलचा दंगा पेटवते आणि आत घट्ट चिखलासारखा मळ साचतो. आणि ज्याच्या न्यूट्रोफिल पेशी निकामी झाल्या आहेत त्याच्यात तीच बुरशी हाडात घुसते. बुरशी एकच, पेशी तीन तऱ्हेने वागल्या, तर परिणाम तीन. म्हणून "प्रतिकारशक्ती वाढवायची की कमी करायची" हा प्रश्नच अपुरा आहे. ती जागेवर, मापात आणि वेळेवर असायला हवी.

शांत करणाऱ्या पेशी

आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आवाज चढले की एखादे काका उठून म्हणतात, "बसा हो, बसा, मुद्द्यावर या." शरीरातही अशा पेशी असतात. त्यांना नियामक टी पेशी म्हणतात. शिमोन साकागुची या जपानी शास्त्रज्ञाने १९९५ मध्ये त्या दाखवल्या आणि २०२५ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना, मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह, या कामासाठीच मिळालं. या पेशी इतरांना आवरतात म्हणून आपण रोजच्या धुळीत, परागकणांत शांतपणे जगू शकतो. ऍलर्जीच्या रुग्णात या काकांचं कोणी ऐकत नाही.

त्यांचा आवाज वाढवायचा एक उपाय आहे. ज्या वस्तूची ऍलर्जी, तीच अगदी सूक्ष्म प्रमाणात, हळूहळू वाढवत द्यायची. १९११ मध्ये लंडनमध्ये लेनर्ड नून याने गवताच्या परागकणांचा अर्क असा टोचून पाहिला. आज ही उपचारपद्धती इंजेक्शनने किंवा जिभेखाली थेंब-गोळ्यांच्या रूपात देतात. तीन ते पाच वर्षं चिकाटी लागते. प्रत्येकाला ती योग्य नसते आणि इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यात बसणं आवश्यक असतं, कारण क्वचित मोठी रिऍक्शन येऊ शकते. पण वॉचमनला माणसं ओळखायला शिकवणारा उपचार म्हणतात तो हाच.

आणि ज्या बाटल्यांवर "इम्युनिटी वाढवा" असं लिहिलेलं असतं? नियमित झोप, साखरेवर ताबा, व्यायाम, तंबाखू बंद आणि वेळेवर लसी, एवढं केलं तर पेशी आपलं काम करतात. ऍलर्जीच्या सर्दीला त्या बाटलीची गरज नाही.

घरात आणि सोसायटीत काय करता येईल?

आता कामाचं बोलू.

पहिलं, ओल. आपली इमारत पंचवीस वर्षांची झाली. बाथरूमचं लीकेज, गच्चीचं वॉटरप्रूफिंग हे सभेत पैशांच्या वादाचे विषय असतात. पण ओल्या भिंतीवरची काळी बुरशी त्या खोलीत झोपणाऱ्या मुलाच्या मास्ट पेशींना रोज डिवचत असते. वरच्या फ्लॅटची गळती ही खालच्या फ्लॅटच्या तब्येतीची बाब आहे. ती पावसाळ्याआधी दुरुस्त व्हावी, एवढी विनंती दोन्ही मजल्यांना करतो.

दुसरं, गादी आणि उशी. चादरी, अभ्रे आठवड्यातून एकदा कडक गरम पाण्यात, शक्यतो ६० अंशांच्या, धुवा. गादी-उशीला बंद कव्हर घाला. कोरडी झाडझूड करण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. ऍलर्जी असलेल्या माणसालाच दिवाळीत माळा झाडायला चढवू नका.

तिसरं, धूर. मच्छर कॉइल, बंद खोलीतला धूप, सिगारेट यांनी अस्तर दुखावतं आणि घंटा वाजायला लागते. चौथं, फ्लॅटचं रिनोव्हेशन. टाइल्स कापताना पाणी मारायचं, डेब्रिस झाकून न्यायचं, हा नियम कमिटीने करावा. पाचवं, कंपाउंडबाहेरचं गाजर गवत. १९५५ च्या सुमारास पुण्यात नजरेस आलेलं हे तण आज सगळीकडे आहे. त्याच्या परागकणांनी सर्दी होते आणि स्पर्शाने त्वचेला त्रास होतो. फुलं येण्याआधी, हातमोजे घालून उपटावं.

सहावं, मिठाच्या पाण्याने नाक धुणं. आपल्याकडे जलनेती आहेच. अर्धा लिटर पाण्यात चहाचा पाऊण सपाट चमचा मीठ. पाणी उकळून कोमट केलेलंच हवं, थेट नळाचं किंवा टाकीचं मुळीच नको. त्यातला एक दुर्मीळ अमीबा नाकावाटे मेंदूत जाऊन जीव घेऊ शकतो.

पालकांना एक सांगणं. तोंड उघडं टाकून झोपणारं, घोरणारं, शाळेत कमी ऐकू येणारं मूल दाखवून घ्या. नाकाच्या मागे ऍडेनॉइड नावाची लिम्फोसाइटची गादी असते. तीन ते सात वर्षांच्या वयात ती मोठी असते आणि पुढे आक्रसते. काही मुलांत ती इतकी वाढते की नाकाची वाट आणि कानाची नळी बंद होते. त्या मुलाला "आळशी" म्हणण्याआधी त्याची झोप नीट होते का ते बघा.

ज्येष्ठांना एक सांगणं. सर्दीच्या मिश्र गोळ्यांनी झोप येते, तोल जातो, रक्तदाब वाढू शकतो आणि प्रोस्टेटचा त्रास असेल तर लघवी अडू शकते. मेडिकलमधून आपल्या मनाने घेऊ नका.

आणि या खुणा दिसल्या तर थांबू नका : एकाच बाजूने नाक बंद होणं किंवा रक्तमिश्रित स्राव, लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून दुर्गंधी येणं (बऱ्याचदा आत मणी किंवा खोडरबर असतं), डोळ्याभोवती सूज, दुहेरी दिसणं आणि मधुमेही माणसात चेहऱ्याची एक बाजू दुखणं, बधिर होणं किंवा नाकात काळी खपली. शेवटच्या बाबतीत तर तासांचा हिशेब असतो. "उद्या सकाळी बघू" म्हणू नका.

मंडळी, दम्याचं दार बऱ्याचदा नाकातून उघडतं. ऍलर्जीची सर्दी असणाऱ्यांना दमा होण्याची शक्यता जास्त असते. म्हणून "साधी सर्दी तर आहे" म्हणून वर्षं काढू नका आणि तिला घाबरून भलती औषधंही घेऊ नका. पुढच्या वेळी लिफ्टमध्ये भेटाल तेव्हा "प्रतिकारशक्ती वाढवायला काय घेऊ" असं न विचारता "डॉक्टर, माझ्या नाकात कोणती पेशी बिनसली आहे" असं विचारा. पाचवा मजला आला तरी मी लिफ्ट थांबवून उत्तर देईन.

आपल्या सोसायटीला रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा. सुवर्णमहोत्सवापर्यंत सगळ्यांना फोडणीचा वास येत राहो, ही सदिच्छा.